पहिली पॉवरलिफ्टिंग स्पर्धा खेळायचीय? वजन घटवू नका, ओपनर हलका ठेवा

राम राम भाऊ, राम राम ताई. जळगाव घ्या, धुळं घ्या, नंदुरबार घ्या, जिममध्ये वर्ष-दोन वर्षं नेमानं येणारा माणूस कधीतरी विचारतोच की मी पण एखाद्या स्पर्धेत उतरू का, आणि बाजूला डंबेल मारणारा लगेच म्हणतो, ना भो, तिथे एकेक राक्षस येतात, आपलं काम नाही ते. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. कारण स्पर्धा ही नोकरी, दुकान, शेती सांभाळून संध्याकाळी व्यायाम करणाऱ्या माणसासाठी पण असते, फक्त कोणती खेळायची आणि पहिल्या वेळेस काय करायचं नाही हे कोणी नीट सांगत नाही.

बॉडीबिल्डिंग आणि मेन्स फिजिक सगळ्यांना माहीत आहे. स्टेज भारी दिसतं, पण त्यासाठी महिनोन्महिने कडक डाएट, पोझिंगची प्रॅक्टिस, आणि घरात लग्न असलं तरी ताट बाजूला सरकवायचं, हे संसारी माणसाला पहिल्याच झटक्यात झेपत नाही. दुसरी ती हायरॉक्स, जर्मनीत २०१७ ला सुरू झाली, २०२५ मध्ये मुंबईत आली. त्यात आठ वेळा एक-एक किलोमीटर पळायचं आणि प्रत्येक किलोमीटरनंतर एक स्टेशन, स्लेड (वजन लादलेली घसरगाडी) ढकलणं, स्लेड ओढणं, रोइंग, सँडबॅग घेऊन लंजेस, शेवटी वॉल बॉल, म्हणजे जड बॉल भिंतीवर उंच फेकणं. मस्त प्रकार आहे, पण आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये स्लेड बघायला मिळत नाही, मग सराव कशावर करणार.

म्हणून माझं मत, आपल्यासारख्याने सुरुवात पॉवरलिफ्टिंगपासून करावी. स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट, तिन्ही तुम्ही आधीच करताय. प्रत्येकाचे तीन चान्स, प्रत्येकातला सगळ्यात जास्त पास झालेला आकडा धरायचा, तिन्हीची बेरीज म्हणजे तुमचा टोटल. दिसणं-बिसणं काही नाही, पोट थोडं पुढे असलं तरी चालतं, आणि वजनगट असल्यामुळे ६६ किलोचा पोरगा १०५ वाल्याशी भिडत नाही. मी जे नियम सांगतोय ते पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनचे, आपल्याकडे वेगवेगळ्या संघटना स्पर्धा घेतात, त्यामुळे फॉर्म भरताना कोणत्या नियमाने खेळवणार आणि क्लासिक का इक्विप्ड हे विचारूनच घ्या. क्लासिक म्हणजे फक्त बेल्ट, रिस्ट रॅप, नी स्लीव्ह चालतात, इक्विप्ड म्हणजे वजन उचलायला मदत करणारे घट्ट सूट-शर्ट पण चालतात. डेडलिफ्टचे स्ट्रॅप मात्र चालत नाहीत हो, जिममध्ये ज्यांची सगळी डेडलिफ्ट स्ट्रॅपवर चाललीय त्यांनी आजपासूनच चॉक लावून पकड बनवायला घ्या.

आता मुद्द्याची गोष्ट. समोर आणि दोन्ही बाजूला असे तीन रेफरी बसतात, पांढरा दिवा म्हणजे पास, लाल म्हणजे फेल, तीनपैकी दोन पांढरे पाहिजेत. आणि लाल दिवे बहुतेक वेळा ताकद कमी पडली म्हणून लागत नाहीत, घाई केली म्हणून लागतात. स्क्वॉटला बार खांद्यावर घेऊन गुडघे सरळ करून थांबायचं, "स्क्वॉट" ऐकलं की खाली, मांडीची आणि कंबरेची जिथे घडी पडते ती जागा गुडघ्याच्या वरच्या भागापेक्षा खाली गेली पाहिजे, मग वर येऊन परत थांबायचं, "रॅक" म्हटल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. बेंचला बार छातीवर आणून पूर्ण थांबवायचा, "प्रेस" आल्यावरच ढकलायचा, आपण जिममध्ये छातीवर आपटून उडवतो ते तिथे चालतच नाही, त्यामुळे जिममधला १०० चा बेंच तिथे ९० च निघू शकतो, मनाची तयारी ठेवा. डेडलिफ्टला सरळ उभं राहून "डाउन" ची वाट बघायची आणि बार दोन्ही हातांनी धरून खाली ठेवायचा, सोडून द्यायचा नाही. माझं ऐका, मोबाईल मांडीच्या उंचीवर एका बाजूला लावा, स्क्वॉटचा व्हिडिओ काढा आणि दोस्ताला ऑर्डर द्यायला लावा, महिनाभर असं केलं तरी खूप फरक पडतो.

आणि कॉलर, म्हणजे प्लेटा घसरू नयेत म्हणून लावायचे क्लॅम्प, विसरू नका, स्पर्धेत बार २० किलोचा आणि दोन कॉलर अडीच-अडीच किलोचे, म्हणजे रिकामा बारच २५ धरतात.

ओपनर, म्हणजे पहिल्या चान्सचं वजन, हा सगळा खेळ आहे. समजा जिममध्ये तुमचा पक्का, खाली बसून मारलेला स्क्वॉट १०० आहे, तर ओपनर ९० टाका, जे तुम्ही तब्येत डाऊन असली तरी तीनदा मारू शकता. दुसरा ९५ किंवा ९७.५, तिसऱ्यात १०० च्या पुढे बघा. काही पोरं पहिलाच १०० टाकतात, आणि नियम असा की फेल झालं तर वजन कमी करता येत नाही, तेच किंवा त्याहून जास्त मारायचं, तीनही गेले की टोटलच लागत नाही. एक चान्स झाला की पुढचा आकडा एक मिनिटाच्या आत टेबलावर सांगायचा असतो, नाही सांगितला तर पास असेल तर अडीच किलो वाढवून धरतात.

वजन घटवण्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. पहिल्या स्पर्धेला ७६ चा माणूस ७४ मध्ये बसायला पाणी बंद करतो, जॅकेट घालून पळतो, कोणीतरी "पाण्याची गोळी", म्हणजे लघवी वाढवणारी गोळी, आणून देतं. भाऊ, मे महिन्यात आपलं जळगाव-भुसावळ ४५ अंशाला जातं, त्या उन्हात शरीरातलं पाणी काढणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, उष्माघात, किडनी, हृदयाचे ठोके, सगळं बिघडू शकतं. ती लघवीची गोळी वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, बंदी असलेल्या यादीत पण आहे, स्टेरॉइडसारखीच, स्पर्धा असो नसो कायम बंद. क्रिएटिन बंद नाही, ते लोकांना उगाच वाटतं. पण डब्यावर लेबल नसलेली कोणतीही पावडर "इम्पोर्टेड आहे" म्हणून घेऊ नका, टेस्टमध्ये सापडलात तर दुकानदार नाही, तुम्हीच जबाबदार. ७६ भरलात तर सरळ ८३ मध्ये खेळा, पोटभर खाऊन खेळा.

खेळाडूंचं वजन करणं स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होतं, ते झालं की खायला वेळ मिळतो. केळी आपल्या घरचीच, पोहे, भात, मीठ-साखर-लिंबूपाणी. आदल्या रात्री मळ्यात भरीत पार्टी असली तर हात जोडून नाही म्हणा, मला माहितीय बामणोदच्या वांग्याचं भरीत सोडणं किती जड जातं, पण त्या तेल-तिखटाने सकाळी पोट बेल्टखाली काय काय करतं ते नंतर कळतं. स्पर्धा मुंबई-पुण्याला असेल तर रात्रभर जनरल डब्यात उभं राहून जाऊन सकाळी स्क्वॉट मारू नका, एक दिवस आधी पोहोचा, मुंबईच जळगावहून सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे.

ताईंनो, तुमचे वजनगट ४७ पासून ८४ च्या वरपर्यंत वेगळे आहेत, आणि चाळिशीनंतर मास्टर्स गट आहे, पन्नाशीनंतर, साठीनंतर परत वेगळा. आमच्याकडच्या काकू, मावशी घागरी, पोती, चाऱ्याचे भारे उचलून उचलून डेडलिफ्टमध्ये आधीच पक्क्या झालेल्या असतात, त्यांना फक्त कोणीतरी फॉर्म भरून द्यायला पाहिजे.

शेवटचं, एक दोस्त सोबत न्या. तो टेबलावर तुमचे आकडे सांगेल, वॉर्म-अपच्या प्लेटा लावेल, तुमचा नंबर कितवा आहे ते बघेल. तुम्ही खुर्चीवर बसा, केळं खा, आणि कोणी कितीही उचलताना दिसलं तरी ठरवलेला ओपनर बदलू नका.