हवा गेली की ब्रेक लागतो

नमस्कार श्रोतेहो. आजचं बोलणं आहे लांब पल्ल्याच्या ट्रकवर नव्याने बसणाऱ्यांशी. लायसन हातात आलंय, मालकाने किल्ली दिलीय आणि पहिलीच फेरी हजार किलोमीटरची लागलीय, अशांशी. घरी बसून ऐकणाऱ्यांनीही ऐकावं. रस्त्यावर तुमच्या पुढेमागे हीच गाडी असते.

नवा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो गिअरचा. गिअर येतो हो. महिनाभरात हात आपोआप जातो. गाडी पळवायला शिकवणारे शंभर भेटतात. थांबवायला शिकवणारा एखादाच. म्हणून आज बोलायचं ते ब्रेकवर. पण त्याआधी दोन गोष्टी उरकून घेतो, कारण त्या राहून गेल्या तर ब्रेक चांगला असूनही उपयोग नाही.

पहिली, झोप. रात्री दोन ते पहाटे सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळेला अंग झोप मागतं. मागतंच, तुम्ही कितीही पक्के असा. ताशी ८० च्या वेगात चार सेकंद डोळा लागला तर गाडी जवळजवळ ९० मीटर बिनचालकाची जाते. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, याने झोप जात नाही. दहा मिनिटं दबा धरून बसते. उपाय एकच, गाडी बाजूला लावून वीस मिनिटं आडवं होणं. कॉफी प्यायची असेल तर झोपायच्या आधी प्या. ती अंगात भिनायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणजे उठायच्या वेळेला ती कामाला लागलेली असते. आणि उठल्या उठल्या स्टेअरिंग धरू नका. गाडीभोवती दोन चकरा मारा, डोकं जागेवर येऊ द्या.

दुसरी, टायर. हवा टायर थंड असताना मोजायची, गाडी निघायच्या आधी. गरम टायरमधली हवा वाढलेली दिसते म्हणून कुणी ती सोडायला लागला तर त्याचा हात धरा. थंड झाल्यावर तो टायर कमी हवेचा होणार. हातोडीने ठोकून बघायची सवय सगळ्यांना आहे. ठोकून टायर बसलाय हे कळतं. हवा कमी आहे हे कळत नाही. गेज लावा. मागच्या जोड टायरात आतल्याची हवा कमी झाली तर त्याचं वजन बाहेरच्यावर जातं, आणि आतला वाकून वाकून तापतो. फुटतो तो बहुतेक असा. चाक बदललं असेल तर ५० ते १०० किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळायचे. नटाभोवती गंजाचा ओघळ दिसला की समजा, नट हलतोय.

आता ब्रेक.

आणि ब्रेक म्हटला की मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गोष्ट रेल्वेची आहे, पण तुमच्या पायाखालच्या पॅडलपर्यंत येते. थोडी लांब आहे.

दीडशे वर्षांपूर्वी आगगाडीला ब्रेक कसा लागायचा, माहीत आहे? इंजिनचालक शिट्टी द्यायचा. ती शिट्टी ऐकून डब्यांच्या टपावर उभी असलेली माणसं एका डब्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जायची आणि प्रत्येक डब्याचं लोखंडी चाक हाताने फिरवून ब्रेक आवळायची. पावसात, थंडीत, गाडी हलत असताना. कितीजण खाली पडत असतील, विचार करा. आणि सगळे ब्रेक एकदम लागायचे नाहीतच. पुढचा डबा थांबतोय, मागचा ढकलतोय.

अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस नावाचा एक तरुण या प्रश्नाच्या मागे लागला होता. सगळ्या डब्यांचे ब्रेक इंजिनमधूनच लागले पाहिजेत, हे त्याच्या डोक्यात. साखळी घालून पाहायचा विचार केला, जमेना. वाफ नळीतून न्यावी, तर लांब नळीत वाफेचं पाणी होतं. असं सांगतात की एक मुलगी मासिकाची वर्गणी मागायला आली आणि त्याने मासिक घेतलं. त्यात आल्प्स पर्वतातल्या माँ सेनी बोगद्याचा लेख. डोंगराच्या पोटात, बाहेरून लांबलचक नळीने दाबलेली हवा आणून तिच्यावर खडक फोडायची यंत्रं चालवत होते. हवेचं पाणी होत नाही! नळी कितीही लांब असो, हवा हवाच राहते. त्याला जे हवं होतं ते मिळालं. १८६९ च्या एप्रिलमध्ये त्याने पेटंट घेतलं. वय किती? बावीस. आपल्याकडे बावीस वर्षांच्या पोराला क्लीनरच्या जागेवरून पुढे सरकू देत नाहीत, आणि तो मूर्ख नसतो हे कुणी लक्षात घेत नाही. असो.

त्या पहिल्या चाचणीची गोष्ट तर झकासच. पिट्सबर्गहून गाडी निघाली, मागे डब्यात रेल्वेचे साहेब बसलेले. बोगद्यातून बाहेर येतात तो समोर रुळावर घोडागाडी. इंजिनचालकाने हवेचा ब्रेक खेचला. गाडी घोडागाडीपासून काही फुटांवर येऊन उभी राहिली. डब्यातले साहेब खुर्चीवरून खाली. चिडून विचारायला उतरले, आणि समोर बघितल्यावर गप्प झाले. ब्रेक विकायला याहून चांगली जाहिरात कोणती?

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. खरी गोष्ट पुढेच आहे. या पहिल्या ब्रेकमध्ये एक मोठी खोट होती. इंजिनमधून हवा पाठवली की ब्रेक लागणार. म्हणजे नळी फुटली, डबे तुटून मागे राहिले, तर हवा पोचणार नाही आणि ब्रेक लागणारच नाही. ज्या वेळेला ब्रेक सगळ्यात जास्त हवा, नेमका त्याच वेळेला नाही. मग १८७२ साली त्याने सगळा हिशेबच उलटा केला. प्रत्येक डब्याखाली हवेची छोटी टाकी ठेवली. मुख्य नळीत हवा भरलेली असेल तोवर ब्रेक सुटलेला. नळीतली हवा गेली, कशानेही गेली, की डब्याखालच्या टाकीतली हवा ब्रेक लावणार. हवा भरली की ब्रेक सुटतो, हवा गेली की ब्रेक लागतो. पुन्हा सांगतो, कारण उद्या सकाळी तुम्हाला हेच तपासायचंय. हवा भरली की ब्रेक सुटतो, हवा गेली की ब्रेक लागतो.

तुमच्या ट्रकमध्ये पायाचा ब्रेक हवेच्या दाबाने लागतो. पण मागच्या चाकांवर जो हँडब्रेक आहे ना, तो जाडजूड स्प्रिंगचा. स्प्रिंग ब्रेक दाबूनच बसलेली असते. टाकीतली हवा तिला मागे ढकलून धरते. म्हणून तर सकाळी हवा भरेपर्यंत गाडी जागची हलत नाही. ट्रेलर असेल तर त्याला हवा पुरवणारी लाल नळी तुटल्यावर ट्रेलर आपणहून ब्रेक धरतो, तोही याच उलट्या हिशेबाने.

म्हणून सकाळची तपासणी अशी करा. गाडी सपाटीवर, चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे. हवा पूर्ण भरू द्या, साधारण आठ बारपर्यंत. बार म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप. इंजिन बंद. हँडब्रेक सोडा, पायाचा ब्रेक पूर्ण दाबून एक मिनिट धरा आणि कान द्या. सुसू आवाज येतोय का? काटा पाव बारपेक्षा जास्त उतरला तर कुठेतरी गळती आहे. मग किल्ली चालू ठेवून, इंजिन बंदच ठेवून, पॅडल पुन्हा पुन्हा दाबून हवा खाली आणा. साधारण चार-पाच बारच्या आसपास हवा कमी झाल्याचा इशारा देणारा बझर वाजला पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. अजून खाली आणली की हँडब्रेक आपोआप बसला पाहिजे. चालत्या गाडीत तो बझर वाजला तर घर जवळ आलंय म्हणून पुढे रेटू नका. स्प्रिंग तुम्हाला विचारून बसत नाही, आणि ओल्या वळणावर बसली तर मागची चाकं जागच्या जागी धरतात.

टाकीखालची तोटी उघडून पाणी सोडायचं, तेही रोज. नुसतं पाणी आलं तर ठीक. तेल मिसळलेलं, दुधासारखं आलं तर टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसर दाखवून घ्या. काही गाड्यांत हॉर्नही याच हवेवर चालतो. हॉर्नवर माझा विशेष राग आहे. समोरच्याला बाजूला करायला हॉर्न आणि स्वतः थांबायला ब्रेक, यातलं पहिलं जो जास्त वापरतो त्याच्या गाडीत मी बसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हवा गेली तरी ब्रेक लागतो, मग घाटात ब्रेक फेल कसा होतो? बरोबर विचारलंत. घाटात सहसा हवा जात नाही. घाटात ब्रेक तापतो. आणि वेस्टिंगहाउसच्या युक्तीने हवेचा प्रश्न सुटला, उष्णतेचा नाही. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं, आणि लायनर म्हणजे त्याला आतून घासून चाक धरणारा पट्टा. स्प्रिंगसुद्धा तोच तापलेला लायनर त्याच तापलेल्या ड्रमवर दाबणार.

किती तापतो? ४० टनांची भरलेली गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आणायची असेल तर जी उष्णता कुठेतरी जिरवावी लागते, तिच्यावर ६०० लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापेल. टायरचं घर्षण आणि वारा थोडी वाटून घेतात. बाकीची इंजिनने घ्यायची, नाहीतर ड्रमने. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो. ब्रेकच्या डब्यातून येणाऱ्या दांड्याला तेवढं जास्त चालावं लागतं, आणि त्याची चाल मोजकी असते. ती संपली की लायनर ड्रमला टेकतो, दाबत नाही. वर तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. सगळ्यात वाईट काय, तर तुमच्या पायाला काही कळत नाही. छोट्या गाडीत पॅडल मऊ पडतं, खाली जातं. इथे पायाखाली हवेची झडप आहे, पॅडल नेहमीसारखंच लागतं. आधी कळतं ते नाकाला. लायनरचा जळका वास.

म्हणून गिअर वरच टाकायचा. घाटाच्या वर, उतार सुरू व्हायच्या आधी. उतारावर वेग धरला की खालचा गिअर पडत नाही. क्लच दाबलात, गिअर बसला नाही, की गाडी न्यूट्रलमध्ये आणि इंजिनचा आधार गेला. डिझेल वाचवायला मुद्दाम न्यूट्रल मारणाऱ्याबद्दल तर रेडिओवर बोलता येण्यासारखं काही नाही. चढताना लागेल त्याहून एक गिअर खालीच ठेवा. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनच्या धुराची वाट अडवून गाडी धरणारा ब्रेक, चालू करा. तो इंजिन जास्त फिरत असताना जास्त धरतो. मात्र फेरे लाल पट्ट्यात जाऊ देऊ नका. रस्ता निसरडा असेल आणि गाडी रिकामी असेल तर एक्झॉस्ट ब्रेक जपून, मागची चाकं घसरतात. ४० ऐवजी २० ने उतरलात तर उष्णता तेवढीच तयार होते, पण ती जिरायला दुप्पट वेळ मिळतो. एवढाच हिशेब आहे.

आणि पाय ब्रेकवर टेकवून ठेवायचा नाही. समजा तुमचा वेग २५ ठरलाय. काटा २५ वर आला की ब्रेक नीट, ठामपणे दाबा, साधारण तीन सेकंद, वेग १७-१८ वर आणा, आणि पूर्ण सोडा. पुन्हा २५ ला येऊ द्या. पुन्हा दाबा. पूर्ण सोडा, पूर्ण. मधल्या वेळात ड्रमला वारा लागतो. हलका हलका सतत दाबलात तर ज्या चाकांचे ब्रेक नीट आवळलेले आहेत तीच चाकं सगळं ओझं उचलतात आणि तीच आधी जळतात. आणि फडफड पॅडल मारलंत तर हवा संपते.

वास आला, गाडी धरत नाहीये असं वाटलं, तर तेव्हाच जागा बघून थांबा. निसटलेल्या गाड्यांसाठी वाळू-खडीचा चढ बांधलेला असेल तर तिथे सरळ घाला. गाडी खडीत रुतेल, क्रेन लागेल, मालक ओरडेल. ओरडू द्या.

खाली उतरलात की सपाटीवर थांबा, चाकांना ठोकळे लावा, आणि गाडीभोवती फिरा. हाताची मागची बाजू ड्रमच्या जवळ न्या. जवळ, टेकवू नका. सगळे ड्रम साधारण सारखे गरम लागले पाहिजेत. एखादा फारच गरम असेल तर तो ब्रेक सुटत नाहीये, किंवा बेअरिंग गेलंय. आणि एखादा थंड असेल तर खूश होऊ नका. तो ब्रेक कामच करत नव्हता, त्याच्या वाट्याचं बाकीच्यांनी केलं. तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, तडकतो. तापलेल्या ड्रमवर ब्रेकचं अंतर आवळूनही घेऊ नका. थंड झाल्यावर ड्रम आक्रसतो आणि चाक जाम धरतं.

मग पाणीबिणी प्या, आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा एक फेरी मारा. गाडी थांबली की वारा थांबतो, आणि ड्रममधली उष्णता रिममधून टायरकडे सरकते. गाडी चालत असताना न पेटलेला टायर उभ्या गाडीत पेटतो, तो या वेळात.