उपास सुटल्यावर यकृतात काय घडते

मार्गशीर्षातला गुरुवार आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वावरात सकाळपासून कापसाची वेचणी चालली आहे. कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीच्या ओळीतून पुढे सरकणाऱ्या या बाईंनी काल रात्रीपासून काही खाल्लेले नाही आणि संध्याकाळची पूजा झाल्याशिवाय त्या उपास सोडणार नाहीत. पहाटेच्या काळ्या चहातली साखर केव्हाच खर्ची पडली आहे. तरीही त्यांचे हात थांबत नाहीत, कारण त्यांचे यकृत साठवणीतले ग्लायकोजेन मोडून, आणि तो साठा ओसरू लागला तसे अमिनो आम्ले व ग्लिसेरॉल यांपासून नवी साखर घडवून, ती रक्तात सोडत आहे.

हा हुकूम स्वादुपिंडाचा असतो. ग्लुकागॉन हे संप्रेरक यकृतपेशीच्या पटलावरच्या ग्राहीला बिलगले की आत निरोप पोहोचतो आणि सीआरटीसी-२ नावाचे प्रथिन केंद्रकात शिरते. फॉक्सो-१ हे दुसरे प्रथिन या वेळी तिथेच ठाण मांडून असते. साखर घडवणाऱ्या विकरांची जनुके ही प्रथिने जागी ठेवतात.

संध्याकाळी पूजा आटोपते. ताटात भात, तुरीचे वरण, वांग्याची भाजी येते आणि थोड्याच वेळात रक्तात इन्सुलिन वाढते. आता साखर घडवणे थांबले पाहिजे; पण सकाळपासून जनुके जागवत बसलेल्या त्या प्रथिनांचे काय करायचे?

इन्सुलिनचा निरोप पेशीत एकेटी नावाच्या विकरापर्यंत जातो आणि ते फॉक्सो-१ वर तीन ठिकाणी फॉस्फेट चिकटवते. शाळेत आपण फॉस्फेटला चालू-बंदचे बटण समजतो, मात्र इथे त्याचे काम त्याहून कठोर आहे. फॉस्फेट लागलेले फॉक्सो-१ केंद्रकाबाहेर काढले जाते आणि तिथे त्याच्यावर युबिक्विटिनची साखळी जडवली जाते. युबिक्विटिन हे अवघ्या 76 अमिनो आम्लांचे प्रथिन. आठवडी बाजारात विकल्या गेलेल्या बकरीच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतात, तशीच ही खूण. ती पाहून प्रोटिअसोम नावाचे पिंपासारखे यंत्र त्या प्रथिनाला आत ओढून त्याचे तुकडे करते, पण युबिक्विटिन मात्र सोडवून पुढच्या कामासाठी परत करते. ही व्यवस्था उलगडल्याबद्दल आरोन चिखानोव्हर, अव्हराम हेर्श्को आणि अर्विन रोझ यांना 2004 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

सीआरटीसी-२ ची गतही वेगळी नाही. एसआयके-२ हे विकर त्याला फॉस्फेट लावते, ते केंद्रकाबाहेर येते आणि कॉप-१ हे आणखी एक प्रथिन त्याच्यावर युबिक्विटिन चढवते, असे उंदरांच्या यकृतात दिसून आले आहे.

मोडतोडीचा दुसरा मार्ग लयकारिकांचा, म्हणजे पेशीतल्या पाचक पिशव्यांचा (लायसोसोम). इन्सुलिन यकृतावर नेमके काय करते याचा माग काढताना क्रिस्तियाँ द ड्यूव्ह यांना उंदरांच्या यकृतात अनपेक्षितपणे या पिशव्या सापडल्या आणि 1955 मध्ये त्यांना नाव मिळाले. उपास लांबला की पेशी स्वतःचीच काही प्रथिने त्यांत लोटते, आणि जेवण होताच इन्सुलिन हा मार्ग आवरते.

याच घरात बाईंचे सासरे ओसरीवर बसले आहेत. त्यांना मधुमेह आहे. मागच्या आठवड्यात उपकेंद्रात सकाळी उपाशीपोटी रक्त तपासले, तेव्हा त्यांनी नर्सताईंना विचारले होते, “रात्री भाकरही नाही खाल्ली जी, मंग साखर आली कुठून?”

प्रश्न अगदी नेमका होता. ती साखर त्यांच्याच यकृताने रात्रभर घडवली होती. अशा यकृतात इन्सुलिन दारापर्यंत येते, पण त्याचा निरोप एकेटीपर्यंत पुरता पोहोचत नाही. फॉक्सो-१ ला फॉस्फेट कमी लागते, युबिक्विटिनची खूण हुकते, आणि जे प्रथिन जेवणानंतर मोडीत निघायला हवे होते, ते केंद्रकात बसून पहाटेपर्यंत साखरेची जनुके चालवत राहते.