ड्राफ्टची भीती आणि करारातली आठ वर्षं

जानेवारी २०२० मध्ये, ३ तारखेला, इराणचे जनरल कासिम सुलेमानी अमेरिकेच्या हल्ल्यात मारले गेले. त्यानंतर अमेरिकेतल्या तरुणांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी एका सरकारी वेबसाइटवर अशी झुंबड उडवली की ती साइटच बंद पडली. साइट होती सिलेक्टिव्ह सर्व्हिस सिस्टिमची, म्हणजे सक्तीच्या सैन्यभरतीसाठी, ‘ड्राफ्ट’साठी, नावं नोंदवून ठेवणाऱ्या खात्याची. त्याच आठवड्यात अनेकांच्या फोनवर संदेश आले: तुमची सैन्यात निवड झाली आहे, अमुक शाखेत हजर व्हा, नाही आलात तर तुरुंग. हे संदेश खोटे आहेत, असं अमेरिकी लष्कराच्या भरती विभागाला जाहीर करावं लागलं.

अमेरिकेतल्या मराठी घरांमध्येही अशा प्रत्येक बातमीनंतर तोच प्रश्न फिरतो: ‘आमच्या मुलाला नेतील का?’ (फोनवरच्या भाषांतरात ‘ड्राफ्ट’चा ‘मसुदा’ होतो, त्यामुळे पुण्यातल्या आजीला वाटतं, नातू कुठल्या तरी कायद्याचं लिखाण करायला निघालाय.) माझं म्हणणं एवढंच आहे की भीती आहे, पण ती चुकीच्या जागी आहे. ज्याची धास्ती वाटते ते बरंच लांब आहे. खरी अडचण करतात ते दोन साधे कागद: न केलेली नोंदणी आणि न वाचलेला भरतीचा करार.

आधी लांबची गोष्ट. अमेरिकेत सक्तीने भरती करण्याचा कायदेशीर अधिकार १९७३ च्या मध्याला संपला. १९७५ मध्ये नोंदणीही थांबली. सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात घुसल्यावर १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी नोंदणी पुन्हा सुरू केली, भरती नाही. त्यामुळे आज राष्ट्राध्यक्षांनी कितीही मनात आणलं तरी ते एका सहीने ड्राफ्ट सुरू करू शकत नाहीत. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, दोन्ही सभागृहांनी कायद्यात बदल करून तो अधिकार द्यावा लागतो. मग सोडत, मग टपालाने आदेश, मग वैद्यकीय तपासणी, मग सूट मागणाऱ्यांचे अर्ज स्थानिक मंडळांपुढे. अधिकार मिळाल्यापासून पहिली तुकडी सैन्याच्या हाती देण्यासाठी खात्याच्या आराखड्यात १९३ दिवस धरले आहेत. फोनवर संदेश पाठवून कुणालाही बोलावलं जात नाही.

सोडत जन्मतारखेवर निघते. त्या वर्षी ज्यांना २० पूर्ण होतात त्यांचा नंबर पहिला, मग २१, २२ असं चढत २५ पर्यंत. १८-१९ वर्षांचे सगळ्यात शेवटी. म्हणजे हायस्कूल संपवणाऱ्या मुलाला आधी उचलतील, हा समज उलटा आहे.

सोडतीच्या यंत्राबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ते एकदा फसलं होतं. १ डिसेंबर १९६९ रोजी वॉशिंग्टनमध्ये ३६६ निळ्या कॅप्सूलमध्ये एकेक जन्मतारीख घालून सोडत काढली गेली. पहिली निघाली १४ सप्टेंबर. त्या फेरीत १९५ क्रमांकापर्यंतच्या तारखांना बोलावणं आलं. पण कॅप्सूल महिन्यामहिन्याने भरल्या होत्या आणि नीट मिसळल्या नव्हत्या. परिणाम असा झाला की वर्षाअखेरीच्या महिन्यांत, विशेषतः डिसेंबरात जन्मलेल्यांच्या वाट्याला लहान क्रमांक प्रमाणाबाहेर आले, आणि लहान क्रमांक म्हणजे आधी बोलावणं. पत्ते पिसताना वरचा थर तसाच राहावा तसं झालं. संख्याशास्त्रज्ञांनी ते लगेच दाखवून दिलं. पुढच्या वर्षीपासून दोन ड्रम आले, एकात तारखा, दुसऱ्यात क्रमांक, आणि दोन्हींतून जोडीने चिठ्ठ्या काढायच्या. आजची योजनाही तशीच आहे.

‘एकुलत्या एक मुलाला घेत नाहीत’ हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. ते खरं नाही. सवलत आहे ती जवळच्या कुटुंबातलं कुणी सैन्यसेवेत मरण पावलं असेल तर, आणि तीही शांततेच्या काळात. काँग्रेसने युद्ध किंवा आणीबाणी घोषित केली की ती उरत नाही. एकुलता एक असणं, घराण्याचं नाव पुढे चालवणारा शेवटचा असणं, याला कायद्यात काही किंमत नाही. कॉलेजचंही तसंच. व्हिएतनामच्या काळातली पदवी मिळेपर्यंतची सूट गेली. आता चालू सत्र संपेपर्यंत, आणि शेवटच्या वर्षाला असलेल्याला ते शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत, एवढीच मुदत मिळते.

आता जवळची गोष्ट, आणि इथे जरा थांबू या, कारण मराठी कुटुंबं इथेच अडकतात.

नियम असा आहे: १८ ते २५ वयाच्या जवळपास सगळ्या पुरुषांनी नोंदणी करायची. १८ वा वाढदिवस झाल्यापासून ३० दिवसांत. स्थलांतरित म्हणून आलात तर आल्यापासून ३० दिवसांत. उशीर झाला तरी २६ वा वाढदिवस येईपर्यंत नाव घेतलं जातं, त्यानंतर नाही. नागरिकांबरोबर ग्रीन कार्डधारक, आश्रय मिळालेले आणि कागदपत्रं नसलेलेसुद्धा यात येतात. एफ-१ (विद्यार्थी), एच-१बी (नोकरी), एच-४ (एच-१बीवाल्यांचे कुटुंबीय) अशा व्हिसावर नियमाने राहणाऱ्यांना नोंदणी लागत नाही, पण त्या व्हिसाचा दर्जा सलग टिकला पाहिजे. विद्यार्थ्याने परवानगी न घेता अभ्यासक्रम सोडला, दर्जा गेला आणि तो इथेच राहिला, तर सवलत संपते.

नेहमीचा घोटाळा असा होतो. मुलगा एच-४ वर वाढला, २१ झाल्यावर एफ-१ वर गेला, तोपर्यंत नोंदणीचा प्रश्नच नव्हता. मग २४ व्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. त्या आनंदात, नोकरीच्या धावपळीत, ३० दिवसांचं घड्याळ सुरू झालंय हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. इथल्या इथे दर्जा बदलणाऱ्यांची नावं आय-४८५ या ग्रीन कार्डच्या अर्जावरून आपोआप कळवली जातात, पण त्या भरवशावर न राहता खात्याच्या साइटवर नाव तपासून नोंदणी क्रमांकाची प्रत ठेवा. तेच ड्रायव्हिंग लायसन्सचं. अनेक राज्यांत त्या अर्जातूनच नोंदणी होते, सगळ्या राज्यांत होत नाही.

नोंदणी न करणं हा कागदावर मोठा गुन्हा आहे: पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. प्रत्यक्षात १९८० च्या दशकानंतर कुणावर खटला चाललेला नाही. मार बसतो तो नागरिकत्वाच्या अर्जात. एन-४०० या त्या अर्जात नोंदणीचा प्रश्न सरळ विचारलेला असतो. वय २६ च्या आत असेल तर आजच नोंदणी करा, विषय संपला. २६ ते ३१ मधल्यांना पटवून द्यावं लागतं की आपण जाणूनबुजून टाळलं नाही. ३१ नंतर सहसा आडकाठी येत नाही, कारण अर्जाआधीची वागणूक तपासायची पाच वर्षं २६ च्या पुढे सरकलेली असतात. नागरिकाशी लग्न करून तीन वर्षांच्या वाटेने येणाऱ्यांसाठी तीच रेषा २९ ची. मधल्या वयातल्यांनी खात्याकडून ‘स्टेटस इन्फर्मेशन लेटर’ (नोंदणी लागू होती की नाही हे सांगणारं पत्र) मागवावं आणि जुने आय-२० (कॉलेजने दिलेला व्हिसाचा कागद), आय-९४ (देशात आल्याची नोंद), पासपोर्टवरचे शिक्के जोडावेत. म्हणून जुना पासपोर्ट टाकू नका.

डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या संरक्षणविषयक कायद्याने नोंदणीची जबाबदारी व्यक्तीकडून खात्याकडे जाणार आहे. सरकारी नोंदींवरून नावं आपोआप चढवायची, आणि त्यासाठी वर्षभराची मुदत. चांगलं आहे, पण २६ ओलांडलेल्यांचं मागचं काही त्याने भरून निघत नाही. मुली अजून यात नाहीत. फक्त पुरुषांची नोंदणी सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये वैध ठरवली, तीच स्थिती आहे. आणि अमेरिकेत जन्मलेला पण आईवडिलांबरोबर पुण्याला परतलेला मुलगा? तोही नागरिकच. परदेशी पत्त्यावर नोंदणी होते.

आता दुसरा कागद. आपली मुलंमुली कॉलेजची फी, तंत्रशिक्षण किंवा नुसती हौस म्हणून भरती केंद्रात जातात आणि ‘चार वर्षांचा करार’ करून येतात. डीडी-४ नावाच्या त्या करारावर एकूण बांधिलकी साधारणपणे आठ वर्षांची असते. चार वर्षं गणवेशात, उरलेली बहुधा ‘इंडिव्हिज्युअल रेडी रिझर्व्ह’मध्ये. या राखीव यादीत पगार नाही, महिन्याची कवायत नाही, म्हणून माणूस विसरून जातो की आपण अजून यादीत आहोत.

बोलावण्याचे तीन दरवाजे आहेत आणि त्यासाठी ड्राफ्टसारखा नवा कायदा लागत नाही. पहिल्यात राष्ट्राध्यक्ष दोन लाखांपर्यंत राखीव सैनिक ३६५ दिवसांपर्यंत बोलावू शकतात, त्यांत या यादीतले जास्तीत जास्त ३० हजार. जुलै २०२३ मध्ये युरोपसाठी तीन हजारांपर्यंत राखीव सैनिक बोलावण्याचा आदेश निघाला, त्यांत या यादीतले ४५० पर्यंत होते, आणि ‘ड्राफ्ट आला’ अशी आवई उठली. दुसरा दरवाजा राष्ट्राध्यक्षांनी घोषित केलेल्या आणीबाणीचा: दहा लाखांपर्यंत माणसं, २४ महिने. सप्टेंबर २००१ ची आणीबाणी दोन दशकांहून जास्त काळ दर वर्षी वाढवली जात राहिली, हे इथे आठवायचं. तिसरा पूर्ण युद्धाचा, काँग्रेसने उघडायचा: युद्ध संपेपर्यंत आणि वर सहा महिने.

हे नुसतं पुस्तकात नाही. २००४ च्या उन्हाळ्यात इराक-अफगाणिस्तानसाठी लष्कराने या यादीतल्या सुमारे ५,६०० जणांना बोलावलं. कुणी दुकान टाकलं होतं, कुणाचं लग्न ठरलं होतं. अनेकांनी सूट किंवा मुदत मागितली. शिवाय ‘स्टॉप-लॉस’ होतं: मुदत संपली तरी तुकडी परत येईपर्यंत सुटका नाही. २००१ पासूनच्या आठेक वर्षांत सुमारे १,४५,००० जणांना त्याने धरून ठेवलं, आणि नंतर काँग्रेसने जादा अडकलेल्या प्रत्येक महिन्यामागे ५०० डॉलर मंजूर केले. मागच्या दाराचा ड्राफ्ट म्हणतात ते यालाच, आणि ते म्हणणं मला पटतं.

म्हणून सैन्यातून बाहेर पडताना हाती येणाऱ्या डीडी-२१४ या दाखल्यावर सहावा रकाना बघा. राखीव बांधिलकी कधी संपते ती तारीख तिथे असते. सेवेतून सुटणं वेगळं आणि बांधिलकी संपणं वेगळं. अधिकारी असाल तर आठ वर्षांनंतरही कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक, आपोआप संपत नाही, लेखी राजीनामा द्यावा लागतो. अनेक जण तो देत नाहीत आणि मग बोलावणं आल्यावर चकित होतात. पत्ता बदलला की कळवा, कारण पत्र पोहोचलं नाही ही सबब चालत नाही. बोलावणं आलंच तर मालकाला आधी सूचना द्या. परतल्यावर नोकरी परत मिळण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे आणि सक्तीने बोलावलेला काळ या हक्काच्या पाच वर्षांच्या मर्यादेत मोजत नाहीत. आधी काढलेल्या कर्जावर सहा टक्क्यांहून जास्त व्याज लावता येत नाही, पण त्यासाठी बँकेला आदेशाच्या प्रतीसह लेखी कळवावं लागतं.

भरती केंद्रातल्या टेबलावर अजून एक गोष्ट कुणी सांगणार नाही, कारण त्यांना ती माहीत असण्याचं कारण नाही. भारत सरकारच्या नियमांनुसार परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) मिळत नाही. गावाकडची जमीन, आजीआजोबांकडची सुट्टी, पुढे कधी परतायचा विचार, यात ज्यांचा जीव अडकलाय त्यांनी सही करण्याआधी हे घरात बोलून घ्यावं.