ठकू कोण?

(दृश्य: मागचं अंगण. तांब्याची घागर, चिंच, मीठ.)

चिंचेचा कोळ, वर चिमूटभर मीठ. दोन-तीनदा हात फिरला की तांब्यावरचा काळा थर सुटायला लागतो. आता गळ्याच्या खाली बघा. टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरं दिसतील.

'चि. सौ. ठकूस मामाकडून.'

ही घागर आमच्याच माळ्यावर सापडली. आईला विचारलं, दोन्ही काकूंना विचारलं. ठकू कोण, कुणालाच ठाऊक नाही. आणि साल घालायचं मामाला सुचलं नाही.

(दृश्य: वंशावळीचा कागद. कॅमेरा वरून खाली सावकाश.)

घरात वंशावळ आहे. चुलत आजोबांनी फुलस्केप कागद जोडून काढलेली, सात पिढ्यांची. मोठ्या कष्टाची आहे, अक्षरही सुरेख. वरपासून खालपर्यंत पुरुष. बायका कंसात, त्याही सासरच्या नावानं. मुली कुठेच नाहीत. त्या दुसऱ्याच कुणाच्या तरी कंसात असणार.

(दृश्य: लग्नाचा हॉल. तांदळाचं ताट.)

हे याच वर्षी आमच्या घरात झालेलं लग्न. ताटात तांदूळ पसरलेत, नवरदेवाच्या हातात अंगठी आहे. गुरुजी विचारतात, "नाव काय ठेवायचं?" तो दोन अक्षरं काढतो. मागून कुणीतरी ओरडतं, "अरे, हे तर तिचंच नाव!" हशा पिकतो, पेढे वाटले जातात.

आपल्या घागरीच्या काळात या ताटावर असा हशा झाला नसता. कल्याणची यमुना लग्नानंतर आनंदी झाली आणि 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झाली, ती आनंदीबाई जोशी म्हणून. कुर्लेकरांची यमुना रानड्यांकडे रमा झाली. टिळकांच्या घरात आली तापी, झाली सत्यभामा. 1893 साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, त्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे सगळे त्यांना 'बाया' म्हणू लागले. या बायकांवर पुस्तकं लिहिली गेली, काहींनी स्वतःही लिहिली, म्हणून आधीचं नाव आपल्याला कळतं. आमच्या घरात कुणी पुस्तक लिहिलेलं नाही.

पुरुषांची नावं तरी सरळ असावीत! लोकमान्यांचं पाळण्यातलं नाव केशव, घरात हाक बाळ, आणि इतिहासात राहिली ती हाकच. नानासाहेब पेशवे म्हणजे बाळाजी, नाना फडणवीस म्हणजेही बाळाजी. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 रोजी नोंद झाली, ती 'भिवा रामजी आंबेडकर' अशी. घरातली हाक सरकारी कागदावर गेली.

(दृश्य: स्वयंपाकघर. आत्या विळीवर खोबरं खोवताहेत.)

या हाका येतात कुठून, ते मोठी आत्या खोबरं खोवता खोवता सांगते. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं, ही रीत. पण सुनेनं सासऱ्याचं नाव उच्चारायचं नाही, हीसुद्धा रीतच. मग पोटच्या पोराला हाक कशी मारणार? म्हणून तो बाळ. नाहीतर आबा, तात्या, अण्णा, नाना. पाळण्यातलं नाव पाळण्यातच राहायचं. पुढे त्याची बायको आली की ती नवऱ्याचं नाव उखाण्यापुरतं घ्यायची, एरवी 'अहो'. घरात जिला त्या माणसाचं खरं नाव सगळ्यात चांगलं ठाऊक, तीच ते तोंडातून काढणार नाही. आत्याला यात काहीच नवल वाटत नाही. तिचा हात थांबलेला नाही, बघा.

आणि मूल जगत नसेल तर दगडू, धोंडू, भिकू, केरू. दगडाला कोण नेतंय? मुलगी नको झाली की नकुसा. साताऱ्यात ऑक्टोबर 2011 मध्ये अशा 285 मुलींची नावं समारंभानं बदलली. छानच झालं. पुढच्या पिढीतलं कुणी जुन्या रजिस्टरात आजी शोधायला बसेल, तेव्हा त्याला हे माहीत असलं म्हणजे झालं.

(दृश्य: नाशिक, रामकुंड. पहाट. मग लाल कापडात बांधलेलं बाड.)

रामकुंडावर आमच्या क्षेत्रोपाध्यायांनी, म्हणजे यात्रेला येणाऱ्या कुळांच्या नोंदी ठेवणाऱ्या उपाध्यांनी, आधी गाव विचारलं, मग आडनाव. दहा मिनिटांत बाड आलं. गाठ सुटताना बघा, कापडाचा रंग फक्त घडीच्या आत टिकलाय.

हा पणजोबांच्या हातचा लेख. मोडीत आहे. आधी रेघ मारून घ्यायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची, शब्द कुठे तुटला ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. ऱ्हस्व-दीर्घ नाही. बापाचं नाव, आजोबांचं, भावांचं, मुलांचं. शेवटी, आमच्या कुळातलं कोणी क्षेत्री आल्यास यांनाच उपाध्ये मानावे. पणजोबा इथे दोनदा येऊन गेले. दोन्ही लेखांत बायकोचं नाव एकच. वहीत आम्ही त्यापुढे बरोबरची खूण केली. ठकू इथेही नाही.

(दृश्य: बंद दार. कुलूप.)

पुढचा तपास रेकॉर्ड रूममध्ये. आत कॅमेरा नेऊ दिला नाही, म्हणून हे कुलूप. गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूचं जुनं रजिस्टर, आत आहे. जन्माच्या नोंदीत आम्हाला बापाचं नाव सापडलं आणि पुढे एकच शब्द: मुलगी. बारसं बाराव्या दिवशी, कोतवाल त्याआधीच नोंद करून गेलेला.

आडनावांचं तर विचारूच नका. कटगुणचे गोऱ्हे पुण्यात फुलांच्या धंद्यावरून फुले झाले. दत्तक गेलेल्याचं सगळंच बदलायचं: कवळाण्याचा गोपाळ 1875 साली बडोद्याला जाऊन सयाजीराव झाला, कागलच्या घाटग्यांचा यशवंत 1884 साली कोल्हापूरचा शाहू.

या सगळ्यापायी वारसनोंदी अडतात, जमिनी अडतात, 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' अशी प्रतिज्ञापत्रं करत लोक तहसिलीच्या पायऱ्या झिजवतात. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव आलंय.

(दृश्य: पुणे, तांबट आळी. हातोड्यांचा आवाज.)

तांबट आळीत घागर दाखवली. कारागिरानं अंगठ्यानं अक्षर चाचपलं. म्हणाला, हातानं ठोकलंय, आता मशीननं करतात. मग हातानं कसं करायचे, ते एका जुन्या वाटीवर करून दाखवलं. डाव्या हातात बारीक छिन्नी, उजव्या हातात इवलीशी हातोडी. टिक टिक टिक. एका 'ठ'ला दीड मिनिट लागलं. दीड मिनिट आम्ही ते पूर्ण ठेवलंय.

(दृश्य: संध्याकाळ. ओटीवर आत्या. समोर घासलेली घागर.)

घागर घासून आत्यासमोर ठेवली. याआधी तिनंही नाही म्हटलं होतं. आता चष्मा लावून तिनं अक्षरं वाचली, पालथी करून बूड बघितलं.

"ही सवतीची. पहिलीची. माझी आजी हिच्यात पाणी भरायची नाही, नुसती पुसून ठेवायची."

पहिलीची म्हणजे? पणजोबांचं लग्न एकच झालं होतं ना?

"दोन झाली. पहिली बाळंतपणात गेली."

बडोद्याच्या सयाजीरावांच्या पहिल्या राणीचं नाव चिमणाबाई. त्या गेल्यावर देवासच्या घाटग्यांची गजरा आली, तिचंही नाव चिमणाबाईच ठेवलं. हे आम्ही वाचलं होतं. वहीतल्या त्या बरोबरच्या खुणेशी त्याचा संबंध असेल, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

पहिलीचं नाव काय होतं, आत्या?

"नाव काय म्हणजे? तेच की. तुझ्या पणजीचंच."

(दृश्य: घागर. निवेदन नाही.)