सल्ला मीटरपासून सुरू होतो

लक्ष्मीपुरीतली ही तीन मजली इमारत. खाली दुकानं, मधे दवाखाना, वर कर सल्लागाराचं ऑफिस. एप्रिलची दुपार. उष्णता रंगांत दाखवणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यातून गच्चीचा स्लॅब असा लालभडक दिसतोय, आणि त्याच्याच खाली ऑफिसचा एसी 18 वर लावलेला आहे.

वीजबिल कसं उतरवायचं, हे मालकांनी बऱ्याच जणांना विचारलं. एसीवाल्यानं नवा एसी सुचवला, सोलरवाल्यानं पॅनेल. मीटरकडे कुणी पाहिलंच नाही. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आहे, पण ती 100 किलोवॅट जोडभारापासून, म्हणजे सगळ्या उपकरणांच्या एकूण भारापासून, पुढच्या इमारतींसाठी. ही त्याच्या खूप खाली. अशा इमारतीच्या मालकाला सल्लागार स्वतःच शोधावा लागतो. तो काही विकणारा नसावा, एवढं तरी पाहायलाच हवं.

हे ऊर्जा लेखापरीक्षक, वीज कुठे किती जाते ते तपासणारे. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची, म्हणजे बीईईची परीक्षा उत्तीर्ण झालेले. हे काम करणाऱ्यांची यादी महाऊर्जाकडे, म्हणजे राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेकडे असते. आल्या आल्या त्यांनी मागितली ती 12 महिन्यांची बिलं. उन्हाळ्यात वापर किती चढतो, पावसाळ्यात किती उतरतो, मंजूर भार गरजेपेक्षा जास्त तर नाही ना, हे सगळं त्यातच सापडतं.

आता रात्र. दवाखाना बंद झालाय. मीटरवरचा हा लाल दिवा बघा. मीटरवरच छापलेलं असतं, किती वेळा लुकलुकला की एक युनिट. इथे 3200. मिनिटाला 16 वेळा लुकलुकला, तर तासाला 960, म्हणजे तासाला 0.3 युनिट, 300 वॅटचा भार. कुलूपबंद दवाखान्यात! लशींचा फ्रीज चालूच राहायला हवा, तो सोडायचा. बाकीच्या एमसीबी एकेक करून पाडायच्या आणि दिव्याचं लुकलुकणं मंदावतं का ते बघायचं. वॉटर कूलर, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी, असे चोर एकेक करून सापडतात. हे कोणत्याही दुकानदाराला घरच्या घरी करता येईल. म्हणूनच ते इतकं सावकाश दाखवतोय.

सकाळी वीजप्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर तारांवर, उजेड मोजणारा लक्स मीटर टेबलावर. खिडकीजवळच्या टेबलावर दिवसा ट्यूबची गरजच नाही. पंखे जुने, साधारण 75 वॅटचे. कमी वीज घेणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास चालतो. रोज 10 तास आणि वर्षाला 300 दिवस धरले, तर एका पंख्यामागे 135 युनिटं वाचतात. 2023 पासून छताच्या पंख्यांवर बीईईचे तारे सक्तीचे आहेत, घेताना ते बघावेत. एसीचं तापमान एक अंश वाढवलं, तर बीईईच्या हिशेबानं सुमारे 6 टक्के वीज वाचते. आणि गच्चीला ऊन परतवणारा पांढरा थर, एसी बदलायच्या आधी.

"साहेब, मग सोलर बसवायचं का नको?"

"बसवायचं की. पण आधी वापर उतरवू या, मग किती किलोवॅटचं लागतंय ते मोजू."

अहवाल लेखी मिळाला. प्रत्येक कामापुढे खर्च, वाचणारी युनिटं आणि पैसे किती महिन्यांत वसूल होतील, ते लिहिलेलं. पंखे बदलले, गच्ची रंगली, बिल उतरलं. सोलरचं मोजमाप पुढच्या उन्हाळ्याची बिलं हाती आल्यावर.