30.15 मधला 1 कुठं गेला?

(टेबलावर रास्पबेरी पाय म्हणजे हाताएवढा छोटा कॉम्प्युटर, मल्टिमीटर आणि काट्याची 9 पिनांची केबल)

काय मंडळी, बरं हाय न्हवं? मागच्या आठवड्यात मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून फोन आला. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, काट्यावर ठेवला की वजन थेट पायमध्ये यायला पाहिजे, एवढंच काम. काट्यावर 30.15 किलो दिसतंय आणि स्क्रीन कोरी. दिवाणजी म्हणाले, काटा बिघडलाय. मी म्हटलं, आधी पाय बघू. त्यांनी माझ्या चपलेकडं बघितलं.

तर पहिलं काम, काटा बाजूला ठेवायचा. हे बघा, पायची 8 नंबर पिन म्हणजे टीएक्स, बोलायची; 10 नंबर म्हणजे आरएक्स, ऐकायची. दोन्हींत एक जंपर टाकला. मिनिकॉम म्हणजे या पिनांवरून अक्षरं पाठवायचा-वाचायचा प्रोग्राम. त्यात हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे जादा वायरींवरून परवानगी मागणं, बंद केला आणि टाइप करतोय. अक्षर परत येतंय? आता जंपर काढतो. थांबलं पाहिजे. काढल्यावरही अक्षर उमटत असेल तर ते मिनिकॉमचं लोकल एको आहे, म्हणजे टाइप केलेलं तो स्वतःच दाखवतोय, पिनांचा काही संबंध नाही. वायर काढून बघायचं मात्र कुणी करत नाही.

अक्षर आलंच नाही तर रास्पी-कॉन्फिगमध्ये, म्हणजे पायच्या सेटिंगमध्ये, सिरियल पोर्टला जा. दोन प्रश्न येतात. या पोर्टवर लॉगिन शेल, म्हणजे युजरनेम-पासवर्ड विचारणारी स्क्रीन, पाहिजे का? नो. हार्डवेअर चालू करू का? येस. इथं घाईत दोन्हीला येस दाबलेलं होतं. म्हणजे आमचा पाय त्या गुळाच्या काट्याकडंच लॉगिन मागत बसलेला! प्रोग्राममध्ये पोर्टचं नाव सिरियल झिरो द्या, कारण 2016 च्या पाय 3 पासून चांगला यूआर्ट, म्हणजे सिरियल पोर्ट चालवणारं सर्किट, ब्लूटूथकडं गेलाय. पाय 5 वर मात्र सिरियल झिरो छोट्या डिबग कनेक्टरवर जातो, तिथं टीटीवायएएमए झिरो लिहा. परमिशन डिनाइड आलं तर युजरला डायलआउट ग्रुपमध्ये घाला.

आता काटा. भावांनो, ही केबल थेट पिनांना लावायची नाही. पायची पिन 3.3 व्होल्टची, काट्याची केबल आरएस-232 या जुन्या सिरियल पद्धतीची, तिची लाइन उणे-अधिक 15 पर्यंत जाते. जाळ आणि धूर संगटच. मध्ये व्होल्टेज बदलून देणारा मॅक्स 3232 चा बोर्ड घ्या आणि त्याला 3.3 व्होल्ट द्या. जुना मॅक्स 232 नको, तो 5 व्होल्टवाला.

टीएक्स-आरएक्स उलटं-सुलटं झालंय का, हे मीटरच सांगतो. काळी प्रोब काट्याच्या केबलच्या 5 नंबर पिनवर, ते ग्राउंड. लाल प्रोब आधी 2 वर, मग 3 वर. काटा गप्प असताना जिथं उणे 5-6 व्होल्ट दिसतील, ती त्याची बोलायची वायर. ती बोर्डाच्या इनपुटला गेली पाहिजे.

एवढं केलं आणि स्क्रीनवर आलं, 30, टिंब, एक चौकोन, 5. दिवाणजी खूश, म्हणाले, जवळजवळ आलंय की! पण मला खरी मजा इथंच वाटली. बॉड रेट, म्हणजे बिट पाठवायचा वेग, चुकला असता तर सगळाच कचरा आला असता. इथं एकटा 1 गायब.

1 चा कोड 7 बिटांत लिहा: 0110001. एक किती? तीन. विषम. काटा इव्हन पॅरिटीवर, म्हणजे प्रत्येक अक्षरातले एक सम ठेवायच्या तपासणीवर, असेल तर बेरीज सम करायला तो आणखी एक 1 जोडतो. आपण 8 बिट, पॅरिटी नाही, असं वाचत होतो, म्हणून तो जादाचा बिट अक्षरातच घुसला. 0, 3, 5, 6, 9 मध्ये एक आधीच सम, म्हणून ते साबूत. टिंबही तसंच. 1, 2, 4, 7, 8 बिघडणार म्हणजे बिघडणारच. दोन्हीकडं एका अक्षराचे 10 बिटच होतात, म्हणून बाकीचं सरकत नाही.

पायसिरियलमध्ये, म्हणजे पायथनच्या सिरियल लायब्ररीत, बाइटसाइज 7, पॅरिटी इव्हन केलं. 30.15 आलं. दिवाणजींनी तो रवा उतरवून दुसरा चढवला. 28.74. रुसणाऱ्या पाचांतले नेमके चार आकडे एका रांगेत, आणि एकही चौकोन नाही.