धाप, मॉर्फिन आणि रात्रीचा पहारा

‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द कानावर पडला की घरची माणसं गप्प होतात. खरं तर तो म्हणजे दुखणं, धाप असा त्रास कमी करणारे उपचार; पण आता सगळं संपलं, असाच अर्थ घेतला जातो. हा समज रुग्णाचे फार हाल करतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. फुफ्फुसाचा कर्करोग शरीरात पसरल्याचं नुकतंच कळलेले १५१ रुग्ण त्यात होते. काहींना नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांना तेच उपचार, आणि शिवाय पहिल्यापासून पॅलिएटिव्ह डॉक्टर-नर्सच्या भेटी. नैराश्याची लक्षणं पहिल्या गटात ३८ टक्के रुग्णांत दिसली, दुसऱ्यात १६ टक्के. दुसऱ्या गटात अखेरच्या दिवसांतले जहाल उपचार कमी झाले, आणि तरीही आयुष्याचा मध्यांक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.६ महिने आला. पहिल्या गटाचा ८.९ होता. तेव्हा केमो किंवा गोळ्या सुरू होतील त्याच सुमारास ही भेटही मागून घ्या.

आता धाप. रात्री दोन वाजता रुग्ण दचकून उठतो, ‘हवाच मिळत नाही’ म्हणतो. त्याला आडवं करू नका. पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवा, समोर टेबल ओढा, त्यावर दोन उशा ठेवा आणि हात नि डोकं उशांवर टेकवून पुढे झुकू द्या. मग बॅटरीवरचा छोटा पंखा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरा, म्हणजे नाक, वरचा ओठ आणि गालांवर वारा लागेल. पाच मिनिटं धरा. तिथल्या त्वचेला गार वारा लागला की गुदमरल्याची जाणीव कमी होते. हातपंखाही चालतो.

घाबरलेला माणूस हवा आत ओढतच राहतो. आधीची बाहेर पडत नाही आणि छाती भरलेलीच राहते. म्हणून लक्ष श्वास सोडण्याकडे हवं: नाकाने आत, ओठांचा चंबू करून हळूहळू बाहेर, घेतला त्याच्या दुप्पट वेळ. ‘शांत हो, शांत हो’ म्हणण्यापेक्षा समोर बसून तुम्हीच तसा श्वास घ्या. तो आपसूक तुमच्या लयीत येतो.

ऑक्सिमीटर ९० च्या बराच वर असेल, तर ऑक्सिजनने बहुधा पंख्याच्या वाऱ्याहून जास्त फरक पडत नाही. मशीन भाड्याने आणण्याआधी डॉक्टरांना विचारा. धाप एकाएकी वाढली तर मात्र कारण शोधायला हवं. छातीत पाणी साठलं असेल तर ते काढता येतं, पण एका वेळी साधारण दीड लिटरपर्यंतच; भराभर काढलं तर दबलेलं फुफ्फुस फुलताना त्यालाच सूज येऊ शकते.

मॉर्फिनला लोक उगाच भितात. डॉक्टरांनी ठरवलेल्या बेताच्या डोसमध्ये ते वेदनेवर उपयोगी पडतं, आणि काही रुग्णांना धापेवरही. साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ बघून द्यायची. दुखायला लागेपर्यंत थांबायचं नाही. गुंगी आणि मळमळ चार-आठ दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्याच दिवशी सुरू हवं. इथे घरोघरी इसबगोल दिला जातो, आणि पाणी कमी पिणाऱ्याच्या आतड्यात त्याचाच गोळा होतो. तो देऊ नका. मॉर्फिन प्रत्येक केमिस्टकडे नसतं, आणि एकदम बंदही करायचं नसतं. दिवाळीच्या सुट्टीआधी गोळ्या मोजून ठेवा.

पाठीत नवीन दुखणं, त्यात पायांत बधिरपणा किंवा लघवी अडकणं, म्हणजे मज्जारज्जूवर दाब असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सोमवारपर्यंत थांबलात तर गेलेली ताकद परत न येण्याचा धोका असतो.

राहिला प्रश्न शुश्रूषा करणाऱ्याचा. बहुतेक घरांत सगळा भार एकाच बाईवर असतो: बायको, सून, नाहीतर मुलगी. सलग रात्री जागल्या की डोस चुकतात. उशाशी एक वही ठेवा: वेळ, गोळी, दुखणं दहापैकी किती, शौचाला झाली का. म्हणजे दुसऱ्याला मधूनच सूत्रं घेता येतात. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्या नातेवाइकाला थेट सांगा, मंगळवारची रात्र तुझी. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन आणि पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर इथे विनामूल्य सेवा मिळते. घरच्यांची दमछाक होत असेल तर काही दिवस रुग्णाला तिथे ठेवता येईल का, हे मोकळेपणाने विचारा. ते मागण्यात कसलाही कमीपणा नाही.